शेवटच्या नळाचं पाणी

पहाटे साडेचारला मी टाकीखाली सायकल लावतो. गाव झोपेत असतं. टाकीत पाणी चढवणारा जो उभा पाइप आहे, त्याला कान लावायचा. आत घरघर असली तर पाणी चढतंय. नसली तर मोबाइल काढायचा आणि वरच्या गावच्या वॉलमनला उठवायचं. सव्वीस वर्षं झाली, दिवसाची सुरुवात अशीच होते.

पंचायतीच्या कागदात मी पाणीपुरवठा कर्मचारी आहे आणि मागच्या काही वर्षांपासून जलसुरक्षकही. गावात कुणी वॉलमन म्हणतं, म्हातारी माणसं ‘पानीवाला’ म्हणतात. काम एकच. चाळीस किलोमीटरवरून आलेलं पाणी टाकीत घ्यायचं, त्यात जंतू मारायला टीसीएल घालायचं, वॉल खोलायचे आणि ते पाणी चांगल्या अवस्थेत शेवटच्या घरापर्यंत पोचवायचं. या कामातलं अवघड काय असेल तर तो ‘शेवटचं घर’ हा शब्द. त्याबद्दलच सांगायचं आहे, पण त्याआधी गाव समजून घ्यायला हवं.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत ही काळ्याभोर मातीची पट्टी पसरली आहे. परका माणूस विहिरीत डोकावला तर म्हणेल, या लोकांना पाण्याचं काय दुःख! विहिरी भरलेल्या असतात, उन्हाळ्यातही पूर्ण आटत नाहीत. पण ओंजळभर पाणी तोंडात घेतलं की थुंकावं लागतं. नदीने आणून टाकलेल्या गाळाचे थर इथे शेकडो फूट खोल आहेत. चिकण मातीतून निचरा होत नाही, त्यामुळे जमिनीतले क्षार धुऊन जात नाहीत, तिथेच साठून राहतात. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की फुटतं. पाण्यात विरघळलेले क्षार, ज्याला टीडीएस म्हणतात, ते भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा पर्यायच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावेत. आमच्या जुन्या विहिरीत मीटर बुडवला की तो 2000 ची रेषा ओलांडूनच थांबतो.

माझी आई नदीच्या वाळूत झिरा खोदायची. वाटीवाटीने पाणी काढायचं, फडक्यातून गाळायचं, हंडा भरला की डोक्यावर घेऊन दोन मैल चालायचं. पाहुणे आले की पहिला प्रश्न जेवणाचा नसायचा, पाण्याचा असायचा. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव बोअर पाडून हापश्या बसल्या. तो जाड दांड्याचा हातपंप, इंडिया मार्क टू, पुढे जगभर गेला, आणि त्याचं मूळ आपल्या सोलापुरात तयार झालेल्या पंपात आहे. दुष्काळी भागातल्या किती बायकांचे हाल त्या पंपाने वाचवले याला मोजमाप नाही. आमच्याकडेही हापशी बसली. पहिल्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, दांडा हापसला, आणि वर आलं ते खारंच पाणी. ती हापशी अजून आहे. गुरांसाठी वापरतो.

म्हणून खारपाणपट्ट्याचा इलाज जमिनीखाली नव्हता, दूर डोंगराकडे होता. सातपुड्याच्या पायथ्याला आणि दक्षिणेकडच्या डोंगरांकडे जी धरणं आहेत त्यांचं गोडं पाणी पाइपाने खाली आणायचं. अकोट-तेल्हारा भागात वान धरणावरची ‘84 खेडी’ योजना आहे, अकोल्याकडे काटेपूर्णेवरची खांबोऱ्याची ‘64 खेडी’ आहे. आमच्याकडे योजनेचं नावच खेड्यांच्या आकड्यावरून पडतं. एक धरण, एक शुद्धीकरण केंद्र आणि त्यातून फुटलेलं पाइपांचं जाळं, याला प्रादेशिक नळपाणीपुरवठा योजना म्हणतात. एवढ्या मोठ्या योजना बहुधा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण उभारतं. 1979 साली पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ म्हणून ते सुरू झालं, 1997 मध्ये आजचं नाव मिळालं. पुढे कित्येक योजना जिल्हा परिषदेकडे चालवायला येतात. पण गावातल्या टाकीच्या तोंडापर्यंतच योजना. तिथून पुढे सगळं ग्रामपंचायतीचं, कारण 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येणाऱ्या विषयांची जी यादी केली आहे, तिच्यात पिण्याचं पाणी आहे. आणि पंचायतीचं म्हणजे व्यवहारात एका माणसाचं. ज्याच्या हातात वॉलची चावी, त्याचं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मला आठ दिवसांसाठी शुद्धीकरण केंद्रावर शिकायला पाठवलं. तोपर्यंत माझी समजूत होती की धरणाचं पाणी शुद्धच असतं, गाळून सोडायचं एवढंच. ऑगस्ट महिना होता. धरणातून पाणी उपसणाऱ्या विहिरीतून, म्हणजे जॅकवेलमधून, येणारं पाणी चहासारखं दिसत होतं. ते आधी पायऱ्यांवरून खाली पडत होतं, म्हणजे हवा मिसळते आणि धरणाच्या तळाचा कुबट वास उडून जातो. मग त्यात तुरटीचं पाणी पडत होतं. गावाकडे गढूळ पाण्याच्या माठात आपण तुरटीचा खडा फिरवतो, तेच काम, फक्त तासाला लाखो लिटरांचं. फरक इतकाच की माठात अंदाजाने फिरवतात आणि इथे मोजून घालतात.

ते मोजणं मला केंद्रावरच्या वयस्कर ऑपरेटर काकांनी शिकवलं. एका लांब टेबलावर काचेची सहा भांडी, प्रत्येकात लिटरभर कच्चं पाणी, वर सहा पंखे एका दांड्याला जोडलेले. पहिल्या भांड्यात थोडी तुरटी, दुसऱ्यात थोडी जास्त, अशी चढत सहाव्यापर्यंत. पंखे मिनिटभर जोरात फिरवायचे, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू. काका म्हणाले, “आता बोलू नको, पाहात राह्य.” पाण्यात आधी धुकं आल्यासारखं झालं. मग त्या धुक्याचे कण एकमेकांना चिकटायला लागले आणि पिंजलेल्या कापसाचे पुंजके व्हावेत तसे पुंजके झाले. पंखे थांबवल्यावर ते पुंजके हळूहळू तळाशी बसले. पहिल्या दोन भांड्यांत पाणी गढूळच राहिलं, कारण तुरटी कमी पडली. सहाव्यातही पुन्हा धूसर, कारण जास्त झाली. चौथ्यात वरचं पाणी आरशासारखं. काकांनी चौथ्याचा आकडा फळ्यावर लिहिला आणि त्या दिवशी तेवढीच तुरटी पडली. “रातच्याला वर पाऊस झाला का पुन्हा भांडे मांडा लागते,” ते म्हणाले. पाणी दर पावसाला बदलतं, म्हणून कालचा आकडा आज चालत नाही.

तळाला बसलेला गाळ खालून काढतात आणि वरचं निवळ पाणी वाळूच्या गाळणीवर जातं. दोन-अडीच फूट जाड बारीक वाळू, खाली गोटे. बसायचा राहिलेला बारीकसारीक गाळ वाळूत अडकतो. दिवसभरात वाळूची भोकं तुंबली की खालून उलटं पाणी आणि हवा सोडून ती धुतात. त्याला बॅकवॉश म्हणतात. धुताना वाळू उकळत्या भातासारखी खदखदते. मी तासभर ते बघत उभा होतो.

शेवटी क्लोरिन. लोखंडी, माणसाच्या उंचीचे, 900 किलो वायू मावणारे टोनर वेगळ्या खोलीत आडवे ठेवलेले असतात. क्लोरिन हवेच्या अडीच पट जड असतो, गळला तर जमिनीलगत पसरतो, म्हणून त्या खोलीतले हवा काढणारे पंखे खाली, जमिनीजवळ बसवतात. गळती शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा नळीजवळ फिरवतात. गळती असली तर पांढरा धूर दिसतो. काकांनी मला दोनच गोष्टी पाठ करून घेतल्या. वास आला तर वाकायचं नाही, आणि पळायचं ते वाऱ्याला आडवं आणि चढाकडे.

केंद्रातून निघालेलं पाणी खरोखर शुद्ध असतं. मला त्याबद्दल कधी शंका आली नाही. पण ते आमच्या गावात पोचेपर्यंत चाळीस किलोमीटर पाइपातून वाहतं, मधल्या मोठ्या टाकीत थांबतं, आणि वाटेत क्लोरिन खर्च होत जातो. पाइपाच्या आतल्या बुरशीवर, गंजावर, जिथे कुठे घाण भेटेल तिथे तो आपलं काम करतो आणि संपतो. गावच्या टाकीत उतरतं तेव्हा पाणी स्वच्छ असतं, पण त्याच्या अंगात पुढच्या घाणीशी लढायची ताकद उरलेली नसते. म्हणून गावात पुन्हा टीसीएल घालावं लागतं.

टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरिन असतो. 1000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम हा आमचा हिशेब. टाकी 50,000 लिटरची, म्हणजे 250 ग्रॅम. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवायची, लोखंडी बादली कधी घ्यायची नाही. पिठल्यासारखी झाली की अजून पाणी घालून लाकडाने ढवळायची आणि पंधरा मिनिटं ठेवून द्यायची. चुना खाली बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची, चुना फेकायचा. टाकी अर्धी भरलेली असताना ओतलं की पडत्या पाण्याने ते सगळीकडे मिसळतं. टाकी भरल्यावर निदान अर्धा तास वॉल खोलायचा नाही, क्लोरिनला जंतू मारायला तेवढा वेळ लागतो. सकाळी सहाला पाणी हवं असेल तर साडेचारला यावं लागतं, ते याचसाठी.

हे सगळं मला येत होतं. तरीही 2009 च्या जुलैत आमच्या गावात गॅस्ट्रोची साथ आली.

तो पावसाळा मी विसरणार नाही. गावाच्या टोकाला, नाल्याच्या पलीकडे चौदा घरांची वस्ती आहे. दोन दिवसांत त्यातल्या नऊ घरांत जुलाब-उलट्या. शाळेच्या दोन खोल्यांत सतरंज्या टाकून सलाइन लावल्या होत्या, बाटल्या खिडकीच्या गजांना बांधल्या होत्या. वस्तीतल्या अगदी शेवटच्या घरचा सहा वर्षांचा मुलगा जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यावा लागला. तो चार दिवसांनी परत आला, बरा होऊन आला. पण त्या चार दिवसांत त्याची आजी मला काही बोलली नाही. फक्त मी समोरून गेलो की माझ्याकडे बघायची.

आरोग्य खात्याची माणसं आली. त्यांनी माझं रजिस्टर पाहिलं. रोज टीसीएल टाकल्याची नोंद होती, पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का हे रंगावरून सांगणाऱ्या ओटी टेस्टचीही रोज ‘आहे’ अशी नोंद होती. खोटं त्यात काही नव्हतं. मी रोज टेस्ट करत होतो, पण टाकीखालच्या नळावर. तिथे पिवळा रंग यायचा. पाहणीला आलेल्या ताई माझ्यासोबत वस्तीपर्यंत चालत आल्या आणि शेवटच्या नळाचं पाणी त्यांनी नळीत घेतलं. ओटीचे थेंब टाकले. रंग आलाच नाही. पाण्यासारखं पाणी. त्यांनी नळी माझ्या हातात दिली. तेव्हा मला जे वाटलं ते लिहिणं जमत नाही.

कारणं तीन निघाली, आणि तिन्ही साधी होती. पहिलं, पावडर. पोतं तीन महिने उघडं पडलं होतं. टीसीएल दमट हवेत राहिली की तिच्यातला क्लोरिन उडून जातो. 20 टक्क्यांच्या खाली गेली तर ती वापरूच नये असा नियम आहे. 20 टक्क्यांची असली तरी 250 ग्रॅमऐवजी 410 ग्रॅमच्या वर लागली असती. मी पोत्यावरचा आकडा धरून चाललो होतो, पोत्यातल्या मालाचा नव्हे.

दुसरं, नाला. वस्तीकडे जाणारा पाइप नाल्यातून गेला होता आणि एका जोडावर बारीक गळत होता. लोकांना वाटतं, गळतीतून पाणी बाहेर जातं, आत काय येणार? नळाला चोवीस तास पाणी असतं तर ते खरं ठरलं असतं. पण आपल्याकडे पाणी तास-दोन तास सुटतं आणि बंद होतं. बंद झालं की उतारावरच्या नळांतून उरलंसुरलं पाणी ओघळून जातं, पाइप रिकामा होतो आणि आत हवा ओढली जाते. त्या हवेबरोबर जोडापाशी साचलेलं नाल्याचं पाणीही ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी वॉल खोलला की ते सगळ्यात आधी नळाला येतं. त्यात कुणी नळाला थेट टिल्लू पंप लावला असेल तर विचारायलाच नको. तो तर पाइपातून तोंड लावून ओढल्यासारखं ओढतो.

तिसरं कारण खड्डा. टोकाला दाब कमी मिळतो, म्हणून वस्तीत घरोघर नळ जमिनीच्या खाली, दोन-अडीच फुटांच्या खड्ड्यात घेतला होता. भांडं खड्ड्यात ठेवलं की पाणी पडतं. विदर्भ-मराठवाड्यात हे खड्डे सगळ्यांनी पाहिले असतील. पावसाळ्यात त्यात अंगणातलं पाणी, कोंबड्यांची घाण, सगळं साचतं आणि नळाचं तोंड त्या पाण्यात बुडतं. पाणी बंद होताना तोटी उघडी राहिली असेल तर नळ ते पाणी उलटं पितो.

त्या वर्षी पंचायतीला लाल कार्ड मिळालं. आरोग्य खातं पावसाळ्याआधी आणि नंतर गावातले पाण्याचे स्रोत, टाकी, पाइप, सगळं तपासून कार्ड देतं. धोका कमी असला तर हिरवं, मध्यम असला तर पिवळं, जास्त असला तर लाल. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. ते लाल कार्ड ग्रामसेवकांच्या टेबलामागे भिंतीवर लागलं होतं. त्या वेळच्या सरपंचबाईंनी ते काढू दिलं नाही. त्या म्हणायच्या, “लोकाईले दिसू द्या. पैसे मागाले बरं पडते.” आणि खरंच त्या कार्डाच्या जोरावर नाल्यातला पाइप वर उचलून लोखंडी केला, वस्तीतले खड्डे बुजवले आणि टोकाकडच्या भागाला वेगळा वॉल बसवून आधी पाणी सोडायला सुरुवात केली, म्हणजे दाब मिळतो. दोन घरांचे टिल्लू जप्त झाले तेव्हा भांडणं झाली. त्यातलं एक घर माझ्या सख्ख्या चुलतभावाचं होतं. तो वर्षभर बोलला नाही.

तेव्हापासून मी ओटी टेस्ट टाकीखाली करून थांबत नाही. वॉल खोलतो, सायकल घेतो आणि वस्तीवर जातो. नळाचं पहिलं पाणी मिनिट-दोन मिनिटं वाहू देतो. बायकांनाही सांगतो, पहिली बादली गुरांना किंवा अंगणाला, पिण्याचा हंडा मागून लावा. मग काचेची नळी खुणेपर्यंत भरायची आणि ओटीचे थेंब टाकायचे. रंग नाही आला तर क्लोरिन नाही. लिंबाच्या सरबतासारखा फिका पिवळा आला तर बरोबर. नारिंगीकडे झुकला तर जास्त झालं. मानक सांगतं की नळाला पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक हवा. साथीच्या दिवसांत आम्ही 0.5 पर्यंत ठेवतो. 0.2 मिलिग्रॅम म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही एवढी वस्तू. तेवढी त्या पाण्यात शिल्लक आहे म्हणजे वाटेत भेटलेली घाण हाताळून ती अजून पुरून उरली आहे.

लोकांची तक्रार वासाची असते. “काहून एवढी पावडर टाकतं तू? पान्याले दवाखान्याचा वास येऊन राह्यला,” असं रोज कुणीतरी म्हणतं. मी सांगतो, घागर तासभर फडक्याने झाकून ठेवा, वास जाईल. पटतं असं नाही. खारं पाणी पिऊन मोठ्या झालेल्या माणसांना गोड्या पाण्याची चव इतकी जिवाची आहे की तिच्यात जरासं काही मिसळलेलं त्यांना सहन होत नाही. त्यांचा राग मला समजतो.

आता गावात एक नवी गोष्ट आली आहे, आणि मला तिचा आनंद आहे. 15 ऑगस्ट 2019 रोजी जलजीवन मिशन जाहीर झालं तेव्हा देशातल्या 18.93 कोटी ग्रामीण घरांपैकी फक्त 3.23 कोटी घरांत नळ होता. त्यानंतर खूप नळ बसले, आमच्याकडेही उरलेल्या घरांत बसले. पण मला त्या योजनेतली जास्त महत्त्वाची गोष्ट वाटते ती पाच बायकांची. प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवायचं आणि तपासणीची पेटी त्यांच्या हातात द्यायची. आमच्या पाच जणींत एक आशाताई आहेत, एक अंगणवाडीच्या ताई, बाकी तिघी बचत गटातल्या. पेटीत आम्लता, क्षार, नायट्रेट, क्लोरिन असं बरंच तपासता येतं. जंतूंसाठी छोट्या बाटल्या असतात. त्यात पाणी भरून उबेला ठेवायचं आणि एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं की समजायचं, घाण मिसळली आहे. हा पक्का निकाल नव्हे, इशारा आहे. पक्क्या तपासणीला नमुना प्रयोगशाळेत जातो. बाटली निर्जंतुक केलेली असते, तिच्यात सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं, म्हणजे बाटलीतला क्लोरिन तिथेच निष्प्रभ होतो आणि नळाच्या तोंडाशी पाणी जसं होतं तसंच प्रयोगशाळेत कळतं. नळाचं तोंड आधी ज्योतीने भाजून घ्यायचं, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि चोवीस तासांच्या आत पोचवायची. 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही सापडता कामा नये, असं मानक आहे.

पहिल्यांदा बाटली काळी पडली तेव्हा बचत गटाच्या वहिनी ती घेऊन माझ्या घरीच आल्या. काही न बोलता ओट्यावर ठेवली. मला राग आला नाही. 2009 साली अशी बाटली कुणी आणून ठेवली असती तर तो मुलगा दवाखान्यात गेला नसता.

पाण्याच्या प्रमाणाबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे आमचा हिशेब जुळत नाही. सरकारी निकष माणशी दिवसाला 55 लिटर. आमचं गाव 1800 माणसांचं, म्हणजे दिवसाला 99,000 लिटर हवं. योजनेकडून मिळतं दिवसाला एक टाकी, 50,000 लिटर. म्हणून अर्धं गाव आज, अर्धं उद्या. माणशी 28 लिटरही पडत नाही. एक दिवसाआड पाणी म्हणजे पाइप एक दिवसाआड रिकामा, आणि पाइप रिकामा म्हणजे पुन्हा तोच धोका, जो नाल्यात होता. जास्त पाणी आलं तर जास्त शुद्ध राहील, हे लोकांना उलटं वाटतं, पण ते असंच आहे. नळाला सतत दाब असणं हे कुठल्याही पावडरीपेक्षा चांगलं औषध आहे.

पैशाचा विषय निघाला की सभा तापते. पाणीपट्टी महिन्याला 100 रुपये आहे. निम्मं गाव भरतं. वीज, योजनेचं बिल, पावडर, वॉल, माझा पगार, सगळं त्यातून आणि वित्त आयोगाच्या निधीतून भागवायचं. 15 व्या वित्त आयोगाने बांधील निधीतला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी राखला, म्हणून निभावलं. तेच गाव रोज आरओच्या पाण्याचा 20 रुपयांचा थंड जार घेतं, महिन्याला 600 रुपये. जार घेणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याने काळी पडलेली बाटली पाहिली आहे. पण आरओच्या यंत्रात क्षारांबरोबर क्लोरिनही निघून जातो. ते पाणी धुतलेल्या जारमध्ये भरलं असेल तर ठीक, जार अस्वच्छ असेल तर त्या पाण्याला राखण काहीच नसते. नळाच्या पाण्यावर कुणीतरी रोज नळी धरून बसतो. जारवर कोण बसतो, हे मी ग्रामसभेत तीनदा विचारलं आहे.

टाकी मी दर तीन महिन्यांनी धुतो. टाकीवर पांढऱ्या रंगात तारीख लिहिलेली आहे, धुतल्याची आणि पुढची. आत उतरलं की कितीही स्वच्छ पाणी येत असलं तरी तळाला बोटभर मऊ गाळ असतो. झाडूने लोटून बाहेर काढायचा, भिंतींना टीसीएलचं दाट पाणी फासायचं, धुऊन मग भरायचं. मागच्या वेळी शाळेतल्या सातवीच्या मुलांना खाली उभं करून तो गाळ बादलीत दाखवला. एकाने विचारलं, “हे आमी पिऊन राह्यलो होतो का?” मी म्हटलं, “नाही बाप्पा, हे टाकीनं तुमच्यासाठी अडवून ठेवलं.”

काल सकाळी वस्तीच्या शेवटच्या नळावर गेलो. तो मुलगा आता मोठा झाला, पुण्याला कंपनीत आहे. आजी मात्र त्याच ओट्यावर बसलेल्या असतात. वयामुळे दिसतं कमी, पण मी नळी भरली की विचारतात, “आलं का रे बापू पिवळं?”

काल आलं नाही. मी पुन्हा नळी धुतली, पुन्हा भरली, थेंब मोजून टाकले. पाणी पांढरंच. पावडर परवाच नवीन फोडलेली होती, निघताना टाकीखाली पाहिलं होतं, तिथे रंग छान होता. म्हणजे मधे कुठेतरी. आजींना म्हटलं, “आज हे पाणी पिऊ नका, उकळून घ्या, शेजारी पण सांगा.” आशाताईंना फोन केला. मग वस्तीचा वॉल बंद केला, फावडं सायकलला बांधलं आणि पाइपाच्या रेषेने मागे मागे, ओली माती कुठे लागते ते बघत निघालो.